रिफायनरी शिकवताना काय वगळायचं?

पेट्रोलियम रिफायनिंगच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात 'ब्रीदिंग लॉस' नावाची एक गोष्ट सापडते. पेट्रोल किंवा नाफ्था साठवायच्या बंद छपराच्या टाकीत द्रवाच्या वर थोडी मोकळी जागा असते. तिथे बाष्प साठतं. दिवसा टाकी तापली की बाष्प प्रसरण पावून वरच्या व्हेंटमधून बाहेर पडतं, आणि रात्री गारवा आला की टाकी बाहेरची हवा आत ओढते. म्हणजे टाकी रोज श्वास घेते आणि सोडते, म्हणून ब्रीदिंग. त्यात थोडा थोडा माल उडून जातो, म्हणून लॉस. त्यावर उपाय म्हणजे तरंगतं छप्पर. छप्पर थेट द्रवावरच ठेवलं की मधे मोकळी जागा उरत नाही, आणि कडेच्या सीलमधून निसटेल तेवढाच माल जातो. परीक्षेला आकृतीसकट हे विचारतात आणि बहुतेकांना जमतं.

टाकीने सोडलेला श्वास पुढे कोण घेतं, हे मात्र त्या प्रकरणात नसतं. त्या बाष्पात बेंझीन असतं. बेंझीनमुळे कॅन्सर होतो, म्हणूनच आपल्याकडे पेट्रोलमध्ये त्याला आकारमानाने एक टक्क्याची मर्यादा आहे. हीही माहिती त्याच पुस्तकात आहे, पण दोन-अडीचशे पानं पुढे, इंधनाच्या स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात. विद्यार्थी दोन्ही पानं पाठ करतो. ती एकमेकांना जोडायची असतात हे त्याला कुणी सांगत नाही.

मी केमिकल इंजिनीअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्यात तत्त्वाचा भाग काही नव्हता. कॅम्पसला जी पहिली कंपनी आली तिने घेतलं, पगार बरा होता. पण विषय आवडायचा, त्यामुळे मावसबहीण त्याच शाखेला गेल्यावर तिला आणि तिच्या तीन-चार मैत्रिणींना शनिवारी ऑनलाइन शिकवायला लागलो. गेली दोन वर्षं हे चालू आहे. मला पडलेला प्रश्न या शनिवारांतूनच आला आहे. रिफायनरी कशी चालते हे शिकवताना तिच्यामुळे काय होतं हे कुठे, किती आणि कशा शब्दांत शिकवायचं? वरकरणी हा अभ्यासक्रमाच्या आखणीचा प्रश्न वाटतो. मला तो नैतिक प्रश्न वाटतो.

सध्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. क्रूड कुठून येतं, त्यातलं मीठ कसं काढायचं, भट्टीत ते साडेतीनशे अंशांच्या वर तापवून डिस्टिलेशन कॉलममध्ये कसं सोडायचं, मग व्हॅक्यूम, क्रॅकर, रिफॉर्मर, कोकर. आणि शेवटच्या युनिटला 'रिफायनरी आणि पर्यावरण'. तोवर सेमिस्टर संपत आलेलं असतं, सरांना सिलॅबस पुरा करायचा असतो, आणि ते युनिट 'वाचून घ्या'मध्ये जातं. शिवाय पर्यावरण हा वेगळा सक्तीचा विषय आहेच. त्याची फाइल मागच्या वर्षीच्या फाइलीवरून कशी तयार होते, ते इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही सांगायला नको.

या क्रमातून मुलं एक धडा शिकतात, जो कुठेच लिहिलेला नाही. आधी प्रक्रिया असते आणि नंतर तिचे परिणाम. प्रक्रिया म्हणजे ज्ञान आणि परिणाम म्हणजे टीप लिहा, सहा गुण.

याचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे शिसं. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून 'नॉकिंग' होतं, ते टाळायला ऑक्टेन वाढवावा लागतो. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजलीला आढळलं की टेट्राएथिल लेड अगदी थोडं घातलं तरी नॉकिंग थांबतं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही नवीन नव्हतं. खुद्द मिजलीला त्याची बाधा होऊन १९२३ मध्ये काही काळ विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हेच रसायन तयार करणारे पाच कामगार मरण पावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते हातावर ओतून घेतलं, त्याचा वास घेतला आणि ते कसं निर्धोक आहे ते दाखवलं. शिशाचं पेट्रोल पुढची कित्येक दशकं जगभर विकलं गेलं. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. जगात शेवटी ते अल्जीरियात थांबलं, २०२१ मध्ये.

आता याच गोष्टीचं दुसरं टोक. कॅटॅलिटिक क्रॅकिंग मोठ्या प्रमाणावर यशस्वी करणारा फ्रेंच इंजिनीअर यूजीन हूड्री पुस्तकात असतोच. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याच्या पद्धतीचा पहिला मोठा प्लांट सुरू झाला. पुस्तकात हूड्री इथे संपतो. पण खरा हूड्री पुढे १९५० च्या सुमारास गाड्यांच्या धुराकडे वळला. लॉस एंजेलिसचं धुरकं तेव्हा गाजत होतं. ज्या माणसाने पेट्रोलचं उत्पादन वाढवलं, त्यानेच त्या पेट्रोलचा धूर स्वच्छ करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला. तो बाजारात मात्र चालला नाही, कारण पेट्रोलमधलं शिसं कॅटॅलिस्टवर बसून त्याला निकामी करायचं. हूड्री १९६२ मध्ये गेला. कन्व्हर्टर सर्रास लागले ते अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून, आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल बाजारात आणावं लागलं.

कॅटॅलिस्ट निकामी होण्याला आमच्या विषयात 'पॉयझनिंग' म्हणतात. शिसं हे कॅटॅलिस्टचं विष. गंधक, निकेल, व्हॅनेडियम हीसुद्धा विषंच. प्लॅटिनमला विषबाधा होते, टाकी श्वास घेते, कॅटॅलिस्टचं वय होतं, क्रूड गोड किंवा आंबट असतं, प्लांटला फीड द्यावा लागतो. माणसाच्या शरीराकडून इतके शब्द या विषयाने घेतले आहेत. एका मुलीला मी विचारलं, शिसं पेट्रोलमधून का काढलं? तिने लगेच सांगितलं, कॅटॅलिस्ट पॉयझन होतो म्हणून. उत्तर चूक नाही, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो हे तिला माहीत होतं का? होतं. पण ती माहिती तिच्या डोक्यात बारावीच्या जीवशास्त्राशेजारी होती, पेट्रोलशेजारी नव्हती.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो. शिक्षकाचं काम प्रक्रिया शिकवणं. बरं-वाईट ठरवायला सरकार आहे, न्यायालयं आहेत, विद्यार्थी स्वतः सज्ञान आहे. वर्गात भाषणं नकोत. मला हा आक्षेप अर्धा पटतो. वर्गातली भाषणं मलाही नको असतात. पण शिकवताना कुठे थांबायचं हा निर्णय शिक्षक घेतोच, आणि तो निर्णय तटस्थ नसतो. केमिकल इंजिनीअरिंगचा पहिला धडा मास बॅलन्सचा. एक तुटक रेषेची चौकट आखायची. आत जेवढं गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे किंवा आत साठलं पाहिजे. काहीही नाहीसं होत नाही. आमच्या शाखेचं एखादं ब्रीदवाक्य असेल तर ते हेच. मग हाच हिशेब धुराड्याच्या तोंडाशी सोडून देणं ही नैतिक चूक आहे की नाही ते बाजूला ठेवू. ते आधी वाईट इंजिनीअरिंग आहे.

आपल्याकडच्या रिफायनऱ्यांच्या हिशेबात एक रकाना असतो, 'फ्युएल अँड लॉस'. आलेल्या क्रूडपैकी काही टक्के रिफायनरी स्वतःच्या भट्ट्यांसाठी जाळते आणि थोडं उडून, गळून, फ्लेअरमध्ये जळून जातं. ते सगळं या एका रकान्यात. हिशेबाला हा रकाना सोयीचा आहे, शिकवायला फार वाईट. कारण जाळलेलं आणि हरवलेलं, दोन्ही कुठे तरी जातं. मी मुलींना सांगतो, 'लॉस' असा बाण काढायचा नाही. बाणाच्या टोकाला पत्ता लिहायचा. फ्लेअरचा बाण असेल तर कार्बन डायऑक्साइड, पाणी, न जळलेला थोडा वायू, आणि खाली गावाचं नाव.

मुंबईत या बाणाच्या टोकाला माहुल आहे. चेंबूर-तुर्भे पट्ट्यात १९५४ आणि १९५५ साली दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. माहुलचं कोळीवाड्याचं गाव त्यांच्या कितीतरी आधीचं. नंतर खत कारखाना आला, वीज केंद्र आलं, रसायनांच्या टाक्या आल्या आणि चेंबूरला लोक 'गॅस चेंबूर' म्हणायला लागले. रहिवासी हरित लवादाकडे गेले. केईएम रुग्णालयाने केलेली श्वसनविकारांची पाहणी त्या प्रकरणात पुढे आली. हवेतल्या बाष्पांमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे हे लवादाने २०१५ मध्ये मान्य केलं. २०२० मध्ये दोन तेल कंपन्या आणि टाक्या चालवणाऱ्या दोन कंपन्या मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लवादाने ठरवली. मधल्या काळात शहरातल्या इतर ठिकाणची घरं पाडून हजारो कुटुंबांना याच माहुलच्या इमारतींमध्ये आणून ठेवलं जात होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला ते थांबवावं लागलं.

त्या प्रकरणात एकट्या धुराड्यांचा प्रश्न नव्हता. टाक्या भरताना, रिकाम्या करताना आणि नुसत्या उभ्या असताना जे बाष्प सुटतं, त्याचा मोठा भाग होता. म्हणजे आपलं पहिलं प्रकरण, ब्रीदिंग लॉस. मला माहुल शेवटच्या युनिटला नको आहे. तरंगत्या छपराच्या आकृतीशेजारी हवं आहे. त्यात भाषण नाही. सील कशासाठी असतं याचं ते उत्तर आहे. माल वाचवण्यासाठी, हे उत्तर खरं असलं तरी अर्धं आहे.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. बाणांना पत्ते लावले की काम झालं, असं वाटत होतं.

मग त्या चौघींतली एक बोलली. ती राजापूर तालुक्यातली. आधी नाणार, तिथली अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाल्यावर बारसू. वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करत बायका उन्हात बसल्या होत्या, पोलिसांनी त्यांना उचललं, हे बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. हिची आजी त्या बायकांत होती. वडिलांचं म्हणणं, प्रकल्प आला तर मुलगी घराजवळ नोकरीला लागेल, नाही तर आहेच मुंबई-पुणे. घरात या विषयावर बोलायचं नाही असं ठरलेलं. हिने हे इलेक्टिव्ह त्यामुळेच घेतलं होतं. ती म्हणाली, "दादा, तुम्ही हिशेब करून दाखवा ना. गंधक किती जाईल हवेत?"

हिशेब मला येतो. सौदी क्रूडमध्ये साधारण पावणेदोन-दोन टक्के गंधक असतं. सहा कोटी टनांत दहा लाख टन धरू. हायड्रोजनने ते इंधनातून काढायचं, त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि क्लॉस प्रक्रियेने त्याचं पिवळं घन गंधक करून विकायचं. क्लॉस एकट्याने सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास पोचतं. सगळं गंधक त्याच वाटेने गेलं असं धरलं, तर तीन टक्के म्हणजे तीस हजार टन उरतं आणि जाळल्यावर त्याचं साठ हजार टन सल्फर डायऑक्साइड होतं. मागे टेल गॅसचं युनिट लावून ९९.९ टक्के गाठलं, तर फक्त दोन हजार टन. साठ हजार आणि दोन हजार. मला हा आकडा शिकवायला फार आवडतो. मोठमोठी मूल्यं कधी कधी दशांश चिन्हाच्या पुढे राहतात, हे त्यातून दिसतं. शिवाय त्या हायड्रोजनचाही हिशेब असतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चं इंधन आलं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, शहरांच्या फुप्फुसांना त्याचा फायदा आहे; आणि त्यासाठी रिफायनरीतून थोडा जास्त कार्बन हवेत गेला. हे दोन्ही एकाच बॅलन्समध्ये मांडता येतं.

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "पण आजी गंधकाचं काही म्हणतच नाहीये."

आजी सड्याचं म्हणत होती. ज्याला सरकारी कागदावर पडीक कातळ म्हणतात, तो कोकणातल्या माणसाला पडीक नसतो. पावसाचं पाणी त्या जांभ्यात मुरून खालच्या वाड्यांच्या विहिरींना येतं. पावसाळ्यात तिथे गुरं चरतात. बारसूच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची शिल्पं कोरलेली आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, त्यात बारसूही आहे. आणि आजीचं मुख्य म्हणणं तर याहून साधं होतं: आम्हाला विचारलं नाही. याचं एकक काय? पीपीएम? टन प्रतिवर्ष?

आम्ही 'पर्यावरणावरचे परिणाम' म्हणून जे शिकवतो, ते बघा एकदा. गंधक असेल तर क्लॉस. बाष्प असेल तर तरंगतं छप्पर. सांडपाणी असेल तर तेल वेगळं करणारी टाकी आणि मग जीवाणू. धूळ असेल तर सायक्लोन. प्रत्येक परिणामापुढे एक यंत्र आहे. ज्याच्यापुढे यंत्र लिहिता येत नाही, तो परिणाम यादीतच येत नाही. दुखणं सांगताना औषधाच्या दुकानात काय काय मिळतं त्यावरून सांगण्यासारखं आहे हे. सगळ्यात मोठा परिणामही असाच बाहेर राहतो. एक लीटर पेट्रोल पाऊण किलोचं, ते जळून सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो. हे सोपं गणित ऐकून मुली दर वेळी चकित होतात. पण रिफायनरीच्या प्रकरणात ते नसतं, कारण ते गेटच्या बाहेर, तुमच्या-माझ्या गाडीत घडतं. धुराड्याचा हिशेब होतो, मालाचा होत नाही.

म्हणजे माझी पत्ते लावायची युक्ती पुरत नाही. तिचा एक धोकाही आहे. ९९.९ हा आकडा शिकलेली मुलगी उद्या त्याच सड्यावर उभी राहून आजीला सांगू शकते, काही काळजी करू नका, दोनच हजार टन. आकडा बरोबर असेल. जे विचारलंच नव्हतं त्याचं ते बरोबर उत्तर असेल, आणि बरोबर असल्यामुळेच आजीला गप्प बसवणारं. अर्धवट शिकलेल्या माणसापेक्षा नीट शिकलेला माणूस हे काम जास्त चांगलं करतो.

पण म्हणून दुसरीकडे झुकायलाही मी तयार नाही. रिफायनरी म्हणजे राक्षस, असं शिकवणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. पण ते शिकवायला चूल वगळावी लागते. ज्या आजीच्या पिढीने लाकडाच्या धुरात डोळे आणि छाती घालवली, तिच्या सुनेच्या ओट्यावर सिलिंडर आला. (आपला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, पण तोही कुणाच्या तरी गावाशेजारच्या प्लांटमधून किंवा वायुक्षेत्रातूनच.) रुग्णालयातली सलाइनची पिशवी, एसटीचं डिझेल, राजापूरला जाणारा डांबरी रस्ता, सगळं त्याच कॉलममधून वेगवेगळ्या उंचीवरून काढलेलं आहे. डांबर सगळ्यात खालून. ते नको असेल तर नको म्हणावं, पण वगळून नको म्हणू नये. वगळण्याचा जो आरोप मी पाठ्यपुस्तकावर करतो, तो मग माझ्यावरही येतो.

माझ्या मते शिक्षकाने निदान एवढं तरी करावं: जिथे आपली चौकट संपते तिथे ती संपते असं मोठ्याने म्हणावं. डिस्टिलेशन शिकवताना आपण म्हणतोच की, हे समीकरण अमुक दाबापर्यंतच चालतं, पुढे वापरू नका. मग परिणामांच्या यादीखालीही तसं लिहायला काय हरकत आहे? ही यादी यंत्राने दुरुस्त होणाऱ्या गोष्टींची आहे. कुणाला विचारायचं, कुणी किती सोसायचं, सोसायचं की नाही, हे यात नाही. हे ठरवायला तुमची पदवी पुरत नाही आणि तुमची पदवी नसलेली माणसं ते ठरवायला अपात्र ठरत नाहीत. एवढं वाक्य सिलॅबसमध्ये येणार नाही याची मला कल्पना आहे. शनिवारी येऊ शकतं. मुलींना ते आवडतंच असं नाही. एक जण म्हणाली, परीक्षेत लिहिलं तर गुण कापतील. बहुधा कापतील.

राजापूरच्या मुलीने त्या दिवशी माझ्या आकृतीत एक बाण वाढवला. उलट्या दिशेचा, चौकटीच्या बाहेरून आत येणारा. त्यावर तिने 'जमीन, पाणी' असं लिहिलं आणि एककाच्या जागी प्रश्नचिन्ह. मास बॅलन्समध्ये असा बाण बसत नाही, कारण तो आत जातो आणि कुठूनच बाहेर येत नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो, तेच."

आता तिची शेवटची सेमिस्टर चालू आहे. पुढच्या महिन्यात एका रिफायनरीच्या पदासाठी तिची मुलाखत आहे. महाराष्ट्राबाहेरची जागा आहे, पगार माझ्या पहिल्या पगारापेक्षा बराच जास्त. तयारी मीच करून घेतोय. काल टेल गॅस युनिट झालं, ते तिला चांगलं येतं. या शनिवारी फ्युएल अँड लॉस घ्यायचंय. मुलाखतीत ते हमखास विचारतात. वडिलांना कळलंय. आजीला ती स्वतः गावी जाऊन सांगणार आहे, फोनवर नको म्हणाली.